‘दॅट्स ऑल राइट’: शिकागोचा ब्लूज ते मेम्फिसचं रॉकबिली – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या एका गाण्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हे गाणं मुळात कोणाचं? सगळे तर एल्विस प्रेस्लीचं म्हणतात.

ब्लूज गायक आर्थर ‘बिग बॉय’ क्रूडप यांचं. जन्म 1905, गाव मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट. त्यांनी हे गाणं 6 सप्टेंबर 1946 रोजी शिकागोत आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. एल्विसने ते जवळजवळ आठ वर्षांनी, 5 जुलै 1954 रोजी टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये गायलं. त्याच्या तबकडीच्या लेबलवर गीतकार म्हणून आर्थर क्रूडप हेच नाव छापलेलं आहे. म्हणजे श्रेय कधी लपवलेलं नव्हतं. पैशांचं काय झालं ते प्रश्न 12 मध्ये आहे.

2. ‘मामा’ म्हणजे नेमकं कोण? आईला उद्देशून आहे का?

आईला नाही, आणि आपल्या मामाशी तर काहीच संबंध नाही. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या गाण्याच्या परंपरेत, ‘मामा’ हे प्रेयसीला किंवा बायकोला मारलेली हाक असते, तशीच पुरुषाला ‘डॅडी’. ती सोडून चालली आहे किंवा तिचं वागणं बरोबर नाही, आणि गाणारा म्हणतो की चालेल बाई, तुला हवं तसं कर. गोंधळ होतो तो एका कडव्यामुळे. तिथे आई आणि वडील दोघांनीही या मुलीच्या नादी लागू नकोस असं बजावल्याचं येतं, आणि त्या ओळीतली ‘मामा’ मात्र खरोखर आई आहे. एकाच गाण्यात एक शब्द दोन अर्थांनी येतो.

शीर्षकात ‘मामा’ कधी असतो, कधी नसतो. 1947 च्या पहिल्या तबकडीवर आणि एल्विसच्या तबकडीवर नुसतं ‘दॅट्स ऑल राइट’ आहे. 1949 च्या पुनर्प्रकाशनात ‘मामा’ जोडला गेला. गाणं एकच.

3. शब्द क्रूडप यांनी स्वतः रचले का?

काही रचले, काही परंपरेतून उचलले, आणि ब्लूजमध्ये यात वावगं काही नाही. जात्यावरची ओवी जशी एका गावातून दुसऱ्या गावात जाते, पहिली ओळ तीच राहते आणि पुढचं दळणारी आपल्या मनाने जोडते, तशाच ब्लूजमधल्या ओळी गवयांमध्ये फिरत असत. या गाण्याच्या मुखड्याशी मिळत्याजुळत्या ओळी टेक्ससच्या ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या 1926 च्या रेकॉर्डिंगमध्ये सापडतात. क्रूडप यांचं काम म्हणजे त्या सुट्या ओळींना चाल, ठेका आणि एक गोष्ट देऊन त्यांचं अखंड गाणं करणं. कायद्याच्या आणि संगीताच्या, दोन्ही अर्थांनी रचनाकार तेच.

4. 1946 च्या रेकॉर्डिंगमध्ये कोण वाजवतंय? ते एल्विसच्या गाण्यापेक्षा फार संथ आहे का?

क्रूडप यांचा आवाज आणि त्यांचीच इलेक्ट्रिक गिटार, रॅन्सम नोलिंग डबल बासवर (उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि जज रायली ड्रमवर. तिघांचाच संच. संथ अजिबात नाही. एल्विसने रडक्या ब्लूजला पळायला शिकवलं असं बरेचदा लिहिलं जातं, ते मूळ तबकडी न ऐकता लिहिलेलं असतं. क्रूडप यांचा ठेका उडता आहे आणि मधला गिटारचा तुकडा चांगलाच खडबडीत आहे. फरक वेगाचा कमी आणि वजनाचा जास्त आहे. तो प्रश्न 6 मध्ये पाहा.

तबकडी 1947 च्या सुरुवातीला बाजारात आली, क्रमांक 20-2205. क्रूडप यांच्या आधीच्या काही तबकड्यांइतकी ती चालली नाही. मार्च 1949 मध्ये आरसीएने मिनिटाला 45 फेऱ्यांच्या नव्या तबकड्यांवर रिदम अँड ब्लूजची मालिका सुरू केली. तिची पहिली तबकडी, क्रमांक 50-0000, म्हणून याच गाण्याची निवड झाली, आणि ती भडक नारंगी रंगात निघाली.

5. 5 जुलै 1954 ला स्टुडिओत नेमकं काय घडलं?

जागा: मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस, 706 युनियन अ‍ॅव्हेन्यू, मेम्फिस. सॅम फिलिप्स यांनी जानेवारी 1950 मध्ये उघडलेला छोटा स्टुडिओ. त्यांची सन रेकॉर्ड्स ही कंपनी 1952 पासून तिथूनच चालायची.

एल्विस 19 वर्षांचा होता, ट्रक चालवायचा. गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक हे स्टारलाइट रँगलर्स या कंट्री संगीताच्या संचातले. आदल्या दिवशी, रविवारी, मूर यांच्या घरी तिघे पहिल्यांदा एकत्र बसले होते. सोमवारी संध्याकाळी स्टुडिओत त्यांनी ‘आय लव्ह यू बिकॉज’ यासारखी संथ गाणी घेतली. ती नीटनेटकी होती, पण त्यांत जीव नव्हता.

विश्रांतीच्या वेळी एल्विसने गंमत म्हणून क्रूडप यांचं गाणं जोरात सुरू केलं. ब्लॅक यांनी बास उचलला, मूर मागोमाग आले. फिलिप्स नियंत्रण कक्षातून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मग सुरुवात कुठून करायची ते ठरवून पुन्हा वाजवा म्हणाले. या पोराला क्रूडप यांचं गाणं माहीत आहे याचंच त्यांना नवल वाटलं होतं.

यावरून हे अपघाताने झालं असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. सुरुवात अपघाताने झाली, पण फिलिप्स 1950 पासून मेम्फिसच्या कृष्णवर्णीय कलाकारांचे ब्लूज मुद्रित करत होते. कानावर काय पडतंय हे त्यांना लगेच कळलं, म्हणूनच गंमतीची तबकडी झाली. मुद्रण एका ट्रॅकवर, सगळ्यांनी एकत्र वाजवून झालं. नंतर काही जोडायची सोय नव्हती, त्यामुळे एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

6. ब्लूजचं रॉकबिली झालं म्हणजे नक्की काय बदललं?

‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ मिळून रॉकबिली. हिलबिली म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या ग्रामीण लोकांचं संगीत, पुढे ज्याला कंट्री म्हणू लागले. नाव रुळलं 1956 च्या सुमारास. म्हणजे हे गाणं मुद्रित झालं तेव्हा त्याच्या प्रकाराला नावच नव्हतं.

दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. पहिला बदल ड्रमचा. क्रूडप यांच्याकडे ड्रम आहे, एल्विसकडे नाही. ड्रम गेल्यामुळे ठेका जमिनीवरून उचलला जातो. त्याची जागा दोन गोष्टी घेतात: एल्विसची साधी लाकडी गिटार, जिच्या खणखणाटाने गाणं सुरू होतं, आणि ब्लॅक यांचा चापट्या मारून वाजवलेला बास (प्रश्न 8).

दुसरा बदल गिटारचा. क्रूडप आवाजाला उत्तर देत वाजवतात, ब्लूजच्या सवाल-जवाबासारखं. स्कॉटी मूर यांची बोटं मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्स या कंट्री वादकांच्या वळणाची: अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर स्वर वेचतात. त्यांच्याकडे त्या वेळी सोनेरी रंगाची गिब्सन ईएस-295 होती.

तिसरा बदल आवाजाचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. क्रूडप यांच्या आवाजात सोसून झाल्याचा सूर आहे, त्यांचं ‘चालेल’ म्हणजे आता काय करणार, असं. एल्विसचं ‘चालेल’ म्हणजे सुटलो! शब्द तेच, अर्थ उलटा.

जे बदललं नाही ते म्हणजे चाल आणि रचना. त्यामुळे एल्विसने नवं गाणं केलं असं म्हणता येत नाही.

7. सन रेकॉर्ड्सचा तो प्रसिद्ध इको कसा काढत? घरी काढता येईल का?

त्याला स्लॅपबॅक म्हणतात. टेप रेकॉर्डरमध्ये मुद्रण करणारं हेड आधी असतं आणि ऐकवणारं हेड त्यापासून थोडं पुढे. टेपवर उमटलेला आवाज ऐकवणाऱ्या हेडपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तेवढ्या उशिराने तो पुन्हा मूळ आवाजात मिसळायचा. दोन्ही हेडमध्ये सुमारे 2 इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच असेल तर उशीर होतो 2 भागिले 15, म्हणजे सुमारे 0.13 सेकंद. फिलिप्स यासाठी अँपेक्स 350 जातीची दोन यंत्रं वापरत, एक मुख्य मुद्रणाला आणि दुसरं उशिरासाठी.

एक मात्र लक्षात घ्या: ‘दॅट्स ऑल राइट’मध्ये हा परिणाम सौम्य आहे. ठळक ऐकायचा असेल तर त्याच तबकडीची दुसरी बाजू, ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, लावा.

घरी डिले पेडल किंवा सॉफ्टवेअर असेल तर उशीर 120 ते 140 मिलिसेकंद, पुनरावृत्ती एकच (फीडबॅक शून्य), मिश्रण 20 ते 30 टक्के. बहुतेक वेळा चूक फीडबॅकमध्ये होते. तो वाढवला की आवाज गुहेत गेल्यासारखा पसरतो आणि ठेक्याची धार जाते. उशीर 80 मिलिसेकंदांच्या खाली गेला की इकोऐवजी दोन जण एकत्र गात असल्यासारखं वाटतं, 200 च्या वर गेला की प्रतिध्वनी पुढच्या मात्रेवर आदळतो. आणि इको फक्त गिटारला देऊ नका. सनमध्ये तो स्टुडिओच्या यंत्रातून यायचा, त्यामुळे गायकाचा आवाजही त्यात भिजलेला असतो. मूर यांच्याकडे टेप इको असलेला अँप्लिफायर, रे बट्स यांचा एकोसॉनिक, 1955 मध्ये आला. या गाण्यात तो नाही.

8. ड्रम नाहीत म्हणता, मग ती टकटक कसली?

डबल बासची. तार बोटाने ओढून सोडली की ती फिंगरबोर्डवर (तारांखालच्या लाकडी पट्टीवर) आपटते आणि स्वराबरोबर ‘टक्’ येतो. मधल्या मात्रेवर तळहाताने तारांवर चापट मारली की दुसरा ‘टक्’. एकाच वाद्यातून खर्ज आणि ताल दोन्ही निघतात, काहीसं डग्गा आणि चाट एकाच हाताने वाजवल्यासारखं. आतड्याच्या तारा यासाठी बऱ्या, कारण त्या मऊ आणि ढिल्या असतात. स्टीलच्या तारांवर बोटं सोलवटतात आणि ‘टक्’ कर्कश येतो. तारा फिंगरबोर्डला फार चिकटून असतील तर ओढायला जागाच मिळत नाही, म्हणून त्या थोड्या उंच ठेवतात.

एल्विसच्या संचात कायमचा ड्रमवादक, डी. जे. फोंटाना, नंतर आला.

9. रेडिओवर पहिल्यांदा कधी लागलं? तारखा वेगवेगळ्या दिसतात.

त्याच आठवड्यात, मेम्फिसच्या डब्ल्यूएचबीक्यू केंद्रावर, ड्यूई फिलिप्स यांच्या ‘रेड, हॉट अँड ब्लू’ कार्यक्रमात. (सॅम आणि ड्यूई फिलिप्स नातेवाईक नव्हते, फक्त आडनाव एक.) 7 आणि 8 जुलै या दोन्ही तारखा छापून आल्या आहेत. तबकडी अजून निघालीच नव्हती, वाजवली ती कच्ची प्रत.

श्रोत्यांचे फोन आले, गाणं त्या रात्री पुन्हा पुन्हा लावलं गेलं आणि एल्विसला केंद्रावर बोलावून घेतलं. ड्यूई यांनी त्याला मुलाखतीत शाळेचं नाव विचारलं. तो म्हणाला, ह्यूम्स हायस्कूल. प्रश्न साधा नव्हता. तेव्हा तिथल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या, त्यामुळे शाळेचं नाव ऐकून हा मुलगा गोरा आहे हे श्रोत्यांना न सांगता कळलं. गाणं ऐकून अनेकांना तसं वाटलं नव्हतं.

मग दुसऱ्या बाजूसाठी बिल मन्रो यांचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ मुद्रित केलं, मुळात तीनच्या ठेक्यातलं ब्लूग्रास (कंट्रीचाच एक प्रकार) गाणं. एका बाजूला कृष्णवर्णीयांचा ब्लूज, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचं कंट्री, आणि दोन्ही एकाच पद्धतीने वाजवलेली. सन रेकॉर्ड्सची 209 क्रमांकाची ही तबकडी 19 जुलै 1954 रोजी निघाली.

10. हे एल्विसचं पहिलं रेकॉर्डिंग आहे का? आणि जगातलं पहिलं रॉक अँड रोल?

पहिली विक्रीसाठीची तबकडी, हो. पहिलं रेकॉर्डिंग नाही. 1953 च्या उन्हाळ्यात त्याने याच स्टुडिओत स्वतः पैसे भरून ‘माय हॅपिनेस’ची एकच प्रत करून घेतली होती.

दुसऱ्या भागाचं उत्तर सरळ नाही असंच आहे. ‘रॉकेट 88’ याच सॅम फिलिप्स यांनी मार्च 1951 मध्ये मुद्रित केलं होतं, बिल हेली यांचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ 12 एप्रिल 1954 चं. रॉकबिलीचा प्रारंभ म्हणून या गाण्याचा दावा जास्त भक्कम आहे.

11. त्या काळी ते हिट झालं होतं का?

मेम्फिसमध्ये हो, देशभर नाही. सुमारे 20,000 प्रती खपल्या आणि स्थानिक यादीत ते चौथ्या क्रमांकावर गेलं. राष्ट्रीय यादीत आलंच नाही. कंट्री यादीत पोचलं ते कंट्री गायक मार्टी रॉबिन्स यांनी गायलेलं, 1955 मध्ये, सातव्या क्रमांकावर. एल्विसचं रेकॉर्डिंग ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं ते 2004 साली, पन्नास वर्षं झाल्यानिमित्त पुन्हा काढल्यावर.

12. क्रूडप यांना पैसे मिळाले का?

हयातीत, मिळायला हवे होते तसे नाहीत. कसं घडलं हे समजण्यासाठी पैशांचा मार्ग पाहावा लागतो. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात एका प्रतीमागे एका गाण्याला जास्तीत जास्त 2 सेंट मिळत. ते तबकडीची कंपनी प्रकाशकाला देई आणि प्रकाशकाने रूढीप्रमाणे निम्मे गीतकाराला द्यायचे. सन रेकॉर्ड्सच्या तबकडीच्या 20,000 प्रती धरल्या तर एकूण 400 डॉलर, क्रूडप यांचा वाटा 200. मोठी रक्कम नंतरची. नोव्हेंबर 1955 मध्ये आरसीएने एल्विसचा करार 35,000 डॉलरला विकत घेतला आणि त्याच्या सनच्या तबकड्या स्वतः पुन्हा काढल्या. 1959 मध्ये हे गाणं एलपीवर आलं. एल्विसने 1956 मध्ये क्रूडप यांची आणखी दोन गाणीही गायली, ‘माय बेबी लेफ्ट मी’ आणि ‘सो ग्लॅड यू आर माइन’.

अडलं ते मधल्या टप्प्यावर. गाण्याचे प्रकाशन हक्क लेस्टर मेलरोझ यांच्या वाबाश म्युझिककडे होते. क्रूडप यांना 1941 मध्ये मुद्रणाला आणणारे निर्माते तेच. शिकागोत आलेल्या क्रूडप यांच्याकडे तेव्हा राहायला घरही नव्हतं, करार वाचून घासाघीस करण्याच्या स्थितीत ते नव्हते. पैसे येत नाहीत म्हणून 1950 च्या दशकात त्यांनी मुद्रण सोडलं आणि पुढे व्हर्जिनियात शेतमजुरी केली.

साठच्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापक डिक वॉटरमन यांनी हक्काच्या पैशांसाठी पाठपुरावा सुरू केला. हक्क तोवर हिल अँड रेंज या प्रकाशन संस्थेकडे गेले होते. 1971 मध्ये सुमारे 60,000 डॉलरवर तडजोड ठरली, क्रूडप मुलांना घेऊन सहीसाठी न्यूयॉर्कला गेले, आणि ऐन वेळी संस्थेने सही नाकारली. 28 मार्च 1974 रोजी क्रूडप वारले. त्यानंतर ती संस्था चॅपेल कंपनीला विकली जात असताना हा दावा आडवा आला, तेव्हा कुठे तडजोड झाली आणि वारसांना पैसे मिळू लागले.

13. मग एल्विसने चोरी केली असं म्हणायचं का?

गाण्याची चोरी नाही, नाव लेबलवर होतं (प्रश्न 1). 1956 मध्ये शार्लट इथल्या एका मुलाखतीत त्याने आपल्या जन्मगावी, टुपेलोत, ऐकलेल्या आर्थर क्रूडप यांचं नाव घेऊन सांगितलं की आपण करतो ते कृष्णवर्णीय लोक कधीपासून करत आले आहेत. अन्याय झाला, आणि तो मोठा होता. तो करारांनी आणि हिशेब न देणाऱ्यांनी केला. गोऱ्या तोंडून आल्यावरच बाजार खुला होतो, ही व्यवस्था त्याच्या मुळाशी होती. ‘चोर’ म्हणून एका गायकाकडे बोट दाखवलं की ही सगळी साखळी सुटून जाते.

14. गिटारवर वाजवायचं आहे. साधे 12 बार लावले तर जुळत नाही, का?

कारण हा साच्यातला 12 बारचा ब्लूज नाही (बार म्हणजे चार मात्रांचं एक माप). नेहमीच्या साच्यात पाचव्या बारला चौथ्या स्वराची कॉर्ड येते आणि मग पुन्हा मूळ कॉर्डवर परततात. इथे मूळ कॉर्ड लांबते, मग चौथी, तिथून थेट पाचवी, आणि मग घरी. एल्विसच्या ए पट्टीत: ए बराच वेळ (शेवटी ए7), डी, ई7, ए. आवर्तनं मोजत बसण्यापेक्षा शब्दांवर कॉर्ड बदला. मुखडा जिथे आग्रहाने पुन्हा म्हटला जातो तिथे डी, त्याच्या शेवटच्या ओळीकडे वळताना ई7. ए पट्टी चढी वाटली तर जी, सी, डी7 घ्या.

मूर यांच्या वळणाने वाजवायचं तर अंगठ्यात पिक घाला आणि उजव्या तळव्याची कड ब्रिजवर हलकी टेकवा, म्हणजे खर्जाच्या तारा दबक्या वाजतील. तळवा पुढे सरकला तर स्वर मरतो, मागे गेला तर घुमतो. क्रूडप यांच्याबरोबर वाजवून पाहणार असाल तर त्यांचे बार मध्येच लहानमोठे होतात याची तयारी ठेवा.

15. सन रेकॉर्ड्सची जुनी तबकडी, क्रमांक 209, विकायला आहे म्हणतात. खरी कशी ओळखायची?

ती 78 आणि 45 फेऱ्या अशा दोन्ही प्रकारांत निघाली. पिवळं लेबल, तपकिरी छपाई, वर कोंबडा आणि सूर्यकिरण, खाली मेम्फिस, टेनेसी. या गाण्याच्या बाजूचा मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या मुद्रणाचा ओळख क्रमांक) यू-128, दुसऱ्या बाजूचा यू-129. मेम्फिसमध्ये दाबलेल्या 45 च्या प्रतींवर लेबलच्या भागात तीन छोटे गोल दाब उमटलेले असतात, बोट फिरवलं की जाणवतात. लाल, निळी, हिरवी अशी रंगीत तबकडी दिसली तर ती नंतरची नक्कल, कितीही जुनी भासली तरी. फोटोवरून विकत घेऊ नका. तिरप्या उजेडात लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्याचा स्पष्ट फोटो मागा. विकणारा देत नसेल तर सोडून द्या.

16. मी हे गाणं गाऊन यूट्यूबवर टाकलं तर? आणि एल्विसचंच रेकॉर्डिंग पार्श्वभूमीला वापरलं तर?

दोन हक्क वेगळे आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क भारतीय कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. क्रूडप 1974 मध्ये वारले, म्हणजे 2034 अखेरपर्यंत रचना संरक्षित आहे आणि स्वतः गायलात तरी तो प्रश्न उरतोच. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं, म्हणून 1954 चं रेकॉर्डिंग भारतात 2014 अखेर मुक्त झालं. ब्रिटनमध्ये ते 2004 अखेरीसच झालं होतं. अमेरिकेत मात्र त्या रेकॉर्डिंगवर 2064 अखेरपर्यंत संरक्षण आहे. यूट्यूब सगळीकडे दिसतं, त्यामुळे भारतातला नियम दाखवून तिकडचा दावा टळत नाही. रेकॉर्डिंग वापरलंत तर दावा येईल असं धरूनच चाला. स्वतः गायलात तर बहुधा रचनेच्या हक्कधारकाकडे जाहिरातीचं उत्पन्न वळतं. आणि वर्णनात रचनाकार म्हणून आर्थर क्रूडप यांचं नाव पूर्ण लिहा.